लिस्बनच्या टेकडीवर एक निवांत शनिवार

लिस्बनच्या पूर्वेकडच्या टेकडीवर, सांव व्हिसेंत द फोरा या मठाच्या मागच्या अंगाला, कांपो द सांता क्लारा नावाचं एक उतरतं पटांगण आहे. दर मंगळवारी आणि शनिवारी तिथे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, फैरा दा लाद्रा. मुंबईच्या चोरबाजारात ज्याने सकाळी घालवल्या आहेत, त्याला इथे परकं वाटायचं काही कारण नाही. जमिनीवर चादर अंथरायची, घरात नको झालेलं आणि कुठून कुठून गोळा केलेलं सगळं तिच्यावर मांडायचं आणि दुपारपर्यंत शेजारच्याशी गप्पा मारत बसायचं. पितळी कड्या, बिनकानाचे कप, फाडो गाण्यांच्या तबकड्या, कुणाच्या तरी लग्नाचे कृष्णधवल फोटो. टपाल तिकिटांचा एक खोका चाळताना आमच्यातल्या वसईच्या मैत्रिणीला ‘इंडिया पोर्तुगेझा’ असं छापलेली काही तिकिटं मिळाली. गोवा, दमण आणि दीवच्या टपालासाठी छापलेली ही तिकिटं. तिने ती घासाघीस न करता घेतली.

या बाजारात सुट्या फरशाही दिसतात. भिंतीवर लावायच्या, चकाकत्या, बहुधा निळ्या-पांढऱ्या नक्षीच्या. पोर्तुगीजांच्या या अझुलेजो फरशा लिस्बनच्या घरांची ओळख आहेत आणि नेमकी तीच ओळख गेली कित्येक वर्षं रात्री-अपरात्री भिंतींवरून उचकटून विकली जात होती. २००७ मध्ये पोर्तुगालच्या गुन्हे अन्वेषण पोलिसांच्या संग्रहालयाने पुढाकार घेऊन ‘एसओएस अझुलेजो’ हा प्रकल्प सुरू केला आणि या चोऱ्यांना बराच आळा बसला. तरीही जुनी फरशी हातात घेतली की ती कुणाच्या भिंतीवरची असेल, हा प्रश्न मनात यायलाच हवा. नव्या फरशा शहरात जागोजागी मिळतात. घरी न्यायच्या तर त्या न्याव्यात.

लिस्बन हे सात टेकड्यांचं शहर म्हणून ओळखलं जातं. युरोपच्या सहलीत त्याच्या वाट्याला सहसा जेमतेम एक-दीड दिवस येतो, आणि तेवढ्यात बेलेमचा मनोरा, जेरोनिमुशचा मठ, सांव जॉर्जचा किल्ला आणि २८ नंबरची पिवळी ट्राम एवढं सगळं बसवायचं असतं. आम्ही शाळेपासूनचे मित्र पुष्कळ वर्षांनी एकत्र बाहेर पडलो होतो, आणि शनिवार एकाच टेकडीला द्यायचा असं ठरवून टाकलं होतं. सकाळी बाजार, मग मठ, जेवण आणि दुपारनंतर आल्फामाच्या गल्ल्यांमधून पायी नदीपर्यंत. नकाशावर हे अंतर दीड-दोन किलोमीटरसुद्धा भरत नाही, पण त्याला दिवस कमी पडला. मित्रांबरोबर परक्या शहरात फिरायचं तर असंच फिरावं, असं माझं ठाम मत झालं आहे. कुणी एका दारापाशी रेंगाळला तर बाकीच्यांनी घड्याळ बघू नये.

बाजारातून मठाकडे जाताना पायाखाली बघत चालावं. लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या पांढऱ्या आणि बसाल्टच्या काळ्या चौकोनी चिऱ्यांचे आहेत. एका कोपऱ्यावर दुरुस्ती चालू होती. बुटक्या स्टुलावर बसलेला कारागीर डाव्या तळहातावर दगड धरून उजव्या हातातल्या हातोडीने त्याचे कान उडवत होता. दोन-तीन ठोके, दगड फिरवून आणखी एक, की तो शेजारच्या दगडाला भिडून वाळूत बसायचा. मापाची पट्टी नाही, खडूची रेघ नाही. हे काम शिकवायला लिस्बनच्या नगरपालिकेने १९८६ मध्ये शाळा काढली, कारण कारागीर झपाट्याने कमी होत होते. याच पदपथांवर आणि दिव्यांच्या खांबांवर अधूनमधून एक जहाज आणि त्याच्या दोन टोकांना दोन डोमकावळे दिसतात. हे शहराचं बोधचिन्ह. संत व्हिसेंतचे अवशेष ११७३ मध्ये जहाजातून लिस्बनला आणले तेव्हा कावळ्यांनी वाटभर त्यांची राखण केली, अशी कथा आहे. पावसात हे चिरे भलते निसरडे होतात, आणि गुळगुळीत तळव्यांची पादत्राणं कोरड्या दिवशीही उतारावर दगा देतात.

सांव व्हिसेंत द फोरा हा मठ पोर्तुगालचा पहिला राजा आफोंसो एन्रिकेश याने ११४७ मध्ये, लिस्बन मूरांकडून जिंकलं त्याच वर्षी स्थापला. आज दिसते ती पांढरी, दोन मनोऱ्यांची भव्य इमारत मात्र १५८२ नंतरची, म्हणजे पोर्तुगालवर स्पेनच्या राजाचा अंमल होता त्या काळातली. किल्ल्यापुढे तिकिटाची रांग वळणापर्यंत गेलेली असते. इथे आम्ही पोचलो तेव्हा अंगणात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती. लिस्बनला येणाऱ्या मराठी माणसाने काही चुकवू नये असं असेल तर ते हे ठिकाण, कारण कातारिना द ब्रागान्सा इथे आहे.

मठाच्या जुन्या भोजनगृहात १८५५ मध्ये ब्रागान्सा राजघराण्याचं दफनस्थळ केलं गेलं. उंच छताचं लांबट दालन, भिंतींलगत ओळीने मांडलेल्या पांढऱ्या संगमरवरी शवपेट्या आणि त्यांवर नावं. त्यांत कातारिनाचं नाव शोधावं लागतं. बाकी शवपेट्यांपेक्षा तिची वेगळी उठून दिसत नाही. ही चौथ्या जोआंव राजाची मुलगी. १६६१ च्या करारानुसार इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी तिचं लग्न ठरलं आणि हुंड्यात रोख रकमेबरोबर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं टँजिअर आणि आपल्या किनाऱ्यावरची मुंबईची बेटं द्यायचं कबूल झालं. साठ वर्षांच्या स्पॅनिश अमलातून १६४० मध्ये सुटलेल्या पोर्तुगालला स्पेनविरुद्ध पाठीराखा हवा होता. त्याची किंमत मुंबईने चुकती केली.

गोव्यातला व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो द कास्त्रो याला हा सौदा पसंत नव्हता. मुंबई इंग्रजांच्या हाती गेली तर हिंदुस्थानातली पोर्तुगीज सत्ता संपेल, हे तो लिस्बनला कळवत राहिला आणि ताबा देणं लांबवत राहिला. शेवटी फेब्रुवारी १६६५ मध्ये इंग्रजांतर्फे हंफ्री कुक याने मुंबईचा ताबा घेतला. तीनच वर्षांनी, १६६८ मध्ये, चार्ल्सने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. कराराने दिली ती मुंबईची बेटं. माहीमच्या खाडीपलीकडची साष्टी आणि उत्तरेची वसई पोर्तुगीजांकडेच राहिली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेईपर्यंत. मी माहीमचा, मैत्रीण वसईची. आमची गावं लोकलने तासाभराच्या अंतरावर, पण पुढची पाऊणशे वर्षं दोन वेगळ्या राजांखाली राहिली ती या संगमरवरी पेटीत निजलेल्या बाईच्या लग्नामुळे. त्या दालनात उभं राहून हे मैत्रिणीला बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, “अरे, पण तिला कुणी विचारलं होतं का?”

नव्हतंच विचारलं. तेविसाव्या वर्षी कातारिना भाषा येत नसलेल्या देशात गेली. प्रॉटेस्टंट इंग्लंडात कॅथलिक राणी, तीही मूल न झालेली. तिथल्या दरबारात चहा रुळला तो तिच्यामुळे, असं मानतात. नवरा वारल्यावर १६९३ मध्ये ती लिस्बनला परतली, बेंपोश्ताला वाडा बांधून राहिली, आणि उतारवयात भाऊ आजारी पडला तेव्हा त्याच्या जागी राज्यकारभारही तिने पाहिला. १७०५ च्या अखेरच्या दिवशी ती गेली. मुंबई तिने कधी पाहिली नाही. जेरोनिमुशमध्ये वास्को द गामाच्या थडग्यापुढे भारतीय प्रवासी आवर्जून थांबतात, फोटो काढतात. वास्कोचं जहाज कालिकतला लागलं, ते ठीकच. पण आज आपण जिला मुंबई म्हणतो, तिची दिशा बदलली ती कातारिनाच्या लग्नाच्या कागदावर, आणि तिच्यापाशी थांबणारं त्या दुपारी आमच्याखेरीज कुणी नव्हतं. याचं मला मनापासून वाईट वाटलं.

त्याच दालनात एका बाजूला चेहरा ओंजळीत लपवून रडणाऱ्या स्त्रीचा दगडी पुतळा आहे. तिच्यासमोर राजा कार्लोस आणि युवराज लुईश फिलिप यांच्या शवपेट्या. १ फेब्रुवारी १९०८ रोजी हे बापलेक नदीकाठच्या मोठ्या चौकात उघड्या घोडागाडीत गोळ्यांना बळी पडले. त्यानंतर तीन वर्षांच्या आत, ऑक्टोबर १९१० मध्ये, पोर्तुगालची राजेशाही संपली.

वरच्या मजल्यावर ला फोंतेनच्या बोधकथांच्या ३८ अझुलेजो चित्रफलकांचं दालन आहे. फरशांवर निळ्या रंगात सिंह, लांडगे, कोल्हे आणि पक्षी, भोवती अठराव्या शतकातली नक्षी. ला फोंतेनने १६७८ च्या आपल्या दुसऱ्या कथासंग्रहाच्या सुरुवातीला पिल्पे नावाच्या भारतीय ज्ञान्याचं ऋण मोकळेपणाने मानलं आहे. पंचतंत्र पहलवीतून अरबीत ‘कलीला व दिम्ना’ म्हणून गेलं आणि तिथून वळणं घेत फ्रेंचपर्यंत पोचलं, त्या प्रवासात विष्णुशर्म्याच्या जागी हा पिल्पे उभा राहिला. हंसांनी धरलेली काठी तोंडात पकडून उडणारं आणि बोलायला तोंड उघडून खाली पडणारं कासव ला फोंतेनकडेही आहे, फक्त तिथे हंसांची बदकं झाली आहेत. आमच्यातली शिक्षिका मैत्रीण या दालनातून निघायला तयार नव्हती. प्रत्येक फलकासमोर उभी राहून कथा ओळखायची आणि आम्हाला ओळखायला लावायची. तास गेला असेल. शेवटी गच्चीवर चला म्हणून तिला ओढत न्यावं लागलं.

गच्ची म्हणजे मठाचं पांढरंशुभ्र छप्परच. तिथून खाली लाल कौलांची उतरण आणि त्यापुढे तेजो नदी. नदी म्हणायची म्हणून म्हणायची, इथे ती समुद्राइतकी रुंद होते. पूर्वेला अगदी जवळ सांता एंग्रासियाचा पांढरा घुमट दिसतो. या चर्चचं बांधकाम १६८२ मध्ये सुरू झालं आणि घुमट पुरा झाला १९६६ मध्ये. रखडलेल्या कामाला पोर्तुगीज माणूस आजही सांता एंग्रासियाचं नाव देतो. आता ते राष्ट्रीय समाधिस्थळ आहे. फाडोची सम्राज्ञी आमालिया रोद्रिगेश आणि मोझांबिकमध्ये जन्मलेला फुटबॉलपटू युसेबियो तिथे आहेत. गायिकेला आणि खेळाडूला राष्ट्राध्यक्षांच्या आणि कवींच्या शेजारी जागा देणाऱ्या देशाविषयी आदर वाटतो.

जेवणाविषयी दोन गोष्टी. टेबलावर बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज पुढ्यात येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत द्यावं, कुणी वाईट वाटून घेत नाही. दुसरं, शाकाहाऱ्याने विचारल्याशिवाय सूपही घेऊ नये. काल्दो व्हेर्द हे बटाटा आणि बारीक चिरलेल्या हिरव्या पाल्याचं सूप दिसायला निष्पाप असतं, पण वर सॉसेजची चकती असते. सांगितलं तर तिच्याशिवाय मिळतं, पण त्याचं पाणीही मांसाचं नाही ना, हे विचारून घ्यावं. आमचा वास्तुविशारद मित्र पक्का शाकाहारी. त्याचं जेवण पाव, सॅलड आणि चीजवर झालं. आम्ही मात्र निखाऱ्यावर भाजलेल्या सार्डिन पोटभर खाल्ल्या. जून हा सार्डिनचाच महिना. लिस्बनच्या साध्या कॅफेंमध्ये काचेच्या कपाटात ‘शामुसा’ही दिसतात. म्हणजे आपले समोसेच, गोव्याच्या आणि मोझांबिकच्या वाटेने इथे आलेले, तिखट आणि बोटभर लांबीचे.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आल्फामा कागदी पताकांनी भरून जातं. १२ जूनची रात्र संत अंतोनीची. इटलीतल्या पादुआच्या नावाने जगाला माहीत असलेला हा संत जन्माने लिस्बनचा, बाराव्या शतकाच्या अखेरचा. त्याच्या जन्मस्थानी, कॅथीड्रलच्या खालच्या अंगाला, त्याचं छोटं चर्च आहे. वसईच्या मैत्रिणीला हे कुणी सांगायची गरज नव्हती. वसईत आणि गोव्यातही १३ जूनला याच संताचा सण असतो आणि हरवलेली वस्तू सापडावी म्हणून त्याच्याकडेच साकडं घालतात. लिस्बनमध्ये या दिवसांत दारोदारी मांजेरिकोच्या कुंड्या विकायला असतात. बारीक पानांचं, चेंडूसारखं गोल वाढलेलं झुडूप, तुळशीच्याच कुळातलं. त्यात एक कागदी कार्नेशन आणि चार ओळींचं प्रेमाचं कवन लिहिलेली चिठ्ठी खोचलेली असते. मी कुंडीवर वाकून वास घ्यायला गेलो तर विकणाऱ्या आजींनी मला हाताने थोपवलं. नाक लावलं तर रोप सुकतं, अशी इथली समजूत. तळवा पानांवरून हलकेच फिरवायचा आणि मग तळव्याचा वास घ्यायचा. त्यांनी माझं मनगट धरून तसं करून दाखवलं. वास आपल्या तुळशीहून सौम्य, किंचित लिंबासारखा.

आल्फामाच्या गल्ल्या कुठेही सरळ जात नाहीत. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला दारात शिरावं लागेल अशी बोळं, त्यात पायऱ्या, खिडक्यांखाली वाळत घातलेल्या चादरी. ही वस्ती मूरांच्या काळापासूनची. मात्र अलीकडच्या वर्षांत दारांशेजारी चावीच्या आकडेवाल्या पेट्या वाढल्या आहेत. जुने भाडेकरू गेले, पाहुण्यांना रोजाने द्यायच्या खोल्या झाल्या. २०१८ मध्ये नगरपालिकेने आल्फामासह काही जुन्या वस्त्यांत अशा खोल्यांचे नवे परवाने थांबवले. आपणही पाहुणेच, म्हणून हे लक्षात ठेवून राहण्याची जागा निवडावी. आम्ही नव्या भागातल्या हॉटेलात उतरलो होतो आणि मेट्रोने ये-जा करत होतो. त्यात काही बिघडलं नाही.

उताराच्या मध्यावर सांता लुझियाचा सज्जा लागतो. बोगनवेलीखाली बाकं, समोर नदी. तिथल्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर फरशांचं एक मोठं चित्र आहे. त्यात नदीकाठचा राजवाड्याचा चौक भूकंपापूर्वी कसा होता ते दाखवलं आहे. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची प्रार्थनेची वेळ. चर्च भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. आधी धक्के बसले, मग नदीतून त्सुनामी आली, आणि नंतर कित्येक दिवस आग धुमसत राहिली. सखल भागातलं शहर आणि राजवाडा गेला, हजारो माणसं गेली. कठीण खडकावरचं आल्फामा बरंचसं तगलं. म्हणूनच जुनं लिस्बन पाहायला या टेकडीवर यावं लागतं.

इथून खाली उतरलं की गल्ल्या एकदम सरळ होतात. भूकंपानंतर मार्केश द पोंबाल या मंत्र्याने सखल शहर नव्याने आखून घेतलं. ऐंशीच्या घरातला मानुएल दा माया आणि त्याच्या हाताखाली एउजेनियो दुश सांतुश, कार्लोस मार्डेल या अभियंत्यांनी काटकोनात रस्ते टाकले, आणि प्रत्येक इमारतीच्या भिंतींत तिरप्या फुल्यांचा लाकडी सांगाडा बसवला. नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून त्याची परीक्षा घेतली, असं सांगतात. आमच्या वास्तुविशारदाने एका दुकानात, दुरुस्तीत उघडी ठेवलेली अशी भिंत शोधून काढली. फुलीच्या मधल्या जोडावर बोट ठेवून तो म्हणाला, “हा सांधा हलू शकतो, म्हणून घर पडत नाही. अडीचशे वर्षांपूर्वी हे त्यांना सुचलं होतं.” दुकानदारही काउंटर सोडून ऐकायला आला.

नदीकाठचा तो मोठा चौक म्हणजे प्रासा दो कोमेर्सियो. राजवाडा इथेच होता, आणि १९०८ मध्ये राजाला गोळ्या घातल्या त्याही इथेच. जवळच्या काइश दो सोद्रे धक्क्यावरून पलीकडच्या कासिल्यासला बोटी सुटतात. दहा मिनिटांचा प्रवास. पश्चिमेला ‘२५ एप्रिल’ नावाचा लाल झुलता पूल दिसतो. तो १९६६ चा, तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं, १९७४ च्या क्रांतीनंतर बदललं. पुलापलीकडे बेलेम. तिथे एक आख्खा दिवस जावा. तिथल्या मनोऱ्याच्या एका बुरुजाखाली झिजलेलं गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे, तेवढं मात्र मान वर करून शोधायला विसरू नये. गुजरातच्या सुलतानाने आफोंसो द आल्बुकेर्कला भेट दिलेला गेंडा गोव्याहून निघून मे १५१५ मध्ये याच नदीत उतरला होता.

कासिल्यासला उतरल्यावर धक्क्याजवळच कोरड्या गोदीत ‘दों फेर्नांदो सेगुंदो ए ग्लोरिया’ हे लढाऊ गलबत उभं आहे. ५० तोफांचं, तीन डोलकाठ्यांचं. १८४३ मध्ये ते दमणला बांधून पाण्यात सोडलं, नगर हवेलीच्या जंगलातल्या सागवानाचं. पोर्तुगाल आणि हिंदुस्थानच्या फेऱ्यांवरचं ते शेवटचं शिडाचं जहाज. १९६३ मध्ये आगीत त्याचा बराच भाग गेला, पुढे ते पुन्हा उभारून १९९८ च्या जागतिक प्रदर्शनात लोकांसाठी खुलं केलं. तोफांच्या मजल्यावर वाकूनच चालावं लागतं. आत जायचं तर जहाज बंद होण्याआधी तासभर तरी पोचावं, म्हणजे दुपारचं जेवण आटोपशीर घ्यावं. नंतर तिथल्याच खाणावळींत मासे खाऊन रात्रीच्या बोटीने परतता येतं. बोटी उशिरापर्यंत असतात, आणि जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो.